किती फूट झालं पाणी? वर्गात गाणं लिहून घेताना एआय कधी आणायचं

जुलैच्या शेवटी कोल्हापुरात कुणी कुणाला भेटलं की आधी विचारतं, "किती फूट झालं पाणी?" म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडं पोराटोरांनाही पाठ असतं. माझ्या सातवीच्या वर्गानं या प्रश्नाचंच ध्रुवपद करून गाणं लिहिलं. त्याच आठवड्यात त्याच विषयावर एआयकडूनही गाणं लिहून घेतलं आणि दोन्ही गाणी फळ्यावर शेजारी शेजारी लावली.

वर्गात पहिल्यांदाच गीतलेखन घेणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. भाषेचे शिक्षक असा की संगीताचे, पेटी वाजवता येत नसली तरी चालेल. पाच-सहा तासिका, एक मोठी वही, फळा आणि शिक्षकाचा एक फोन एवढं पुरतं. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: क्रम. मुलांचे शब्द आधी, मशीन नंतर. हा क्रम उलटा केला की काय होतं ते मी एकदा पाहिलंय. पहिल्या वर्षी मी उत्साहानं पहिल्याच तासाला एआयनं लिहिलेलं गाणं नमुना म्हणून दाखवलं. त्यानंतर मुलांनी जे लिहिलं त्यात प्रत्येक वहीत 'एकजूट' होती, 'निसर्गाचा कोप' होता आणि शेवटी 'चला' होतं. एकाही वहीत त्या मुलाचं घर नव्हतं. तो नमुना दाखवायला नको होता. मुलांना वाटलं, गाणं म्हणजे असंच असतं.

पहिला तास: सामान गोळा करा

विषय मुलांच्या अंगावरून गेलेला असावा. आमच्याकडं पूर होता. २०१९ चा बहुतेकांनी घरी ऐकलेला, २०२१ चा थोडाफार आठवणारा. तुमच्या वर्गात गुऱ्हाळ असेल, जोतिबाची यात्रा असेल, तालमीतली पहाट असेल. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली त्या रात्रीबद्दलही मुलं बोलतात, कारण घरातली मोठी माणसं त्या रात्री हळहळताना त्यांनी पाहिलेली असतात. पुरासारखा विषय घेताना मात्र आधी एकेकट्याला विचारून घ्या. ज्याचं घर पडलंय त्याला त्यावर गाणं करायचं नसेल, तर त्याला दुसरा विषय द्या आणि कारण विचारू नका.

"पुराबद्दल लिहा" असं सांगितलं तर निबंध येतो. म्हणून मी प्रश्न बारीक करतो. पाणी आलं तेव्हा घरातून सगळ्यात आधी काय उचललं? कशाचा वास आला? कोण काय म्हणालं, त्याच शब्दांत सांग. कुठली वस्तू नंतर सापडलीच नाही? उत्तरं मुलांच्या बोलीतच फळ्यावर लिहायची. 'नाही'चं 'न्हाई' असेल तर 'न्हाई'च. शुद्धलेखन दुरुस्त करायला पुढं वेळ आहे. पहिल्याच तासाला बोली दुरुस्त केली की बोलणाऱ्याचं तोंड बंद होतं.

आमच्या फळ्यावर आलेलं थोडं सांगतो: शेळी माळ्यावर चढवली. दप्तर राहिलं, पण देवघर आणलं. चिखलाचा वास आठ दिवस जात नव्हता. शाळेतच झोपायला होतो, फळ्यावर सुट्टी लागायच्या आधीची तारीख तशीच होती. मांजर घरात राहिलं. आजी सारखी म्हणायची, पुढच्या वेळी… आणि मग काहीच बोलायची नाही.

हे शब्द त्या मोठ्या वहीत उतरवून घ्या, ज्याचे त्याच्या नावासह. पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं.

दुसरा तास: ठेका आधी, कागद मागून

नवा शिक्षक इथं चुकतो. मुलांना कविता लिहायला लावतो आणि मग तिला चाल शोधतो. गाणं करायचं असेल तर आधी हात चालू द्या. बाकावर आठ मात्रांचा केरवा ताल धरायचा: धा गे ना ती, न क धि न. मुलांना बोल म्हणायला वेळ लागला तर हलगी आठवायला सांगा. मिरवणूक असो की कुस्तीचं मैदान, कोल्हापूरच्या मुलाच्या कानात हलगी असतेच. ती बाकावर उतरते आणि वर्ग दोन मिनिटांत एका लयीत येतो. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

आता फळ्यावरच्या शब्दांतून एक ओळ त्या ठेक्यावर म्हणून पाहायची. जी ओळ कुणी न सांगता सगळेच परत म्हणायला लागतात, ते ध्रुवपद. आमच्याकडं मागच्या बाकावरून कुणीतरी ठेक्यात विचारलं, "किती फूट झालं पाणी?" आणि पुढच्या बाकानं उत्तर दिलं, "एकोणचाळीस!" ध्रुवपद तिथंच ठरलं.

मग मात्रा मोजायच्या. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, अनुस्वार असलेल्याची दोन. आघात घेणाऱ्या जोडाक्षराच्या आधीचं ह्रस्व अक्षरही दोन मात्रांचं. 'किती' तीन, 'फूट' तीन, 'झालं' चार, 'पाणी' चार. एकूण चौदा. केरव्याची दोन आवर्तनं, म्हणजे ठेक्याच्या दोन फेऱ्या, सोळा मात्रांची. उरलेल्या दोन मात्रा म्हणजे थांबा, आणि उत्तर यायची जागाही तीच. मुलांना ही मोजणी गणितासारखी आवडते. 'पुढच्या', 'फळ्यावर' असले शब्द आले की वाद होतो, कारण तिथं जोडाक्षर असूनही आधीच्या अक्षरावर जोर पडत नाही. अशा वेळी नियमाचं पुस्तक बाजूला ठेवून ओळ गाऊन बघा. जीभ जिथं अडखळत नाही तो हिशेब खरा.

पाचवीचा वर्ग असेल तर मात्रांच्या भानगडीत पडू नका, अक्षरं मोजा. मोठ्या अभंगाचा साचा त्यासाठी फार चांगला: सहा, सहा, सहा, चार अक्षरं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. त्या मांजराचं असं झालं:

पंचगंगा आली
आमच्या दारात
मांजर घरात
एकटंच

चौथा चरण आखूड असल्यानं 'एकटंच' एकटं पडतं. साचा कशासाठी असतो हे यानंतर वेगळं समजवावं लागलं नाही.

तिसरा तास: कडवी, आणि यमकाचा लोभ

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला वहीतला एक तपशील आणि काम एवढंच: सोळा मात्रांच्या दोन ओळी. एका गटानं लिहिलं:

माळ्यावरती चढली शेळी,
आजी बसली मोजत पोळी

मात्रा सोळाला सोळा बसलेल्या, यमकही चोख. तेवढ्यात एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्यात चपाती म्हणतात. पोळी सणाला." वर्ग हसला, आणि मग गप्प झाला, कारण तिचं बरोबर होतं. पुरात कुणाकडं पुरणपोळी होती? पोळी आली ती शेळीशी जुळावी म्हणून. त्या गटानं वही उघडून आजीचं खरं वाक्य शोधलं:

माळ्यावरती चढली शेळी,
आजी म्हणते, पुढच्या वेळी…
किती फूट झालं पाणी?

आजीचं वाक्य अर्धं राहतं आणि लगेच ध्रुवपद येतं. आजी घरात खरंच तिथंच थांबायची. ही रचना मी सुचवलेली नव्हती, मला ती सुचलीही नसती.

या तासाला शिक्षकानं ओळी पुरवायच्या नाहीत. मोह होतो, फार होतो. मुलं दहा मिनिटं छताकडं बघत बसतात आणि तुमच्या डोक्यात ओळ तयार असते. ती गिळा. त्याऐवजी विचारा: "तू तिथं होतास. तेव्हा काय दिसत होतं?" शाळेत झोपलेल्या मुलाकडून याच प्रश्नावर ओळी आल्या:

शाळेमध्ये निजलो आम्ही,
फळ्यावरती जुनीच तारीख

पुढच्या ओळीत त्यानं 'तारीख'ला 'बारीक' जुळवलं. ख आणि क. व्याकरणाच्या हिशेबानं यमक कच्चं, पण गाताना कानाला खटकत नाही. मी ठेवू दिलं.

चौथा तास: आता मशीन आणा

फोन शिक्षकाचा, खातं शिक्षकाचं, पडदा सगळ्यांचा. मुलांची खाती उघडायची नाहीत. चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाही, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलेली आहे. म्हणून मुलांची नावं, आवाज, फोटो त्यात टाकायचे नाहीत. घरचा पत्ता किंवा कुणाचं घर पडलं हेही नाही.

वर्गासमोर साधीच सूचना द्या: 'कोल्हापूरच्या पुरावर सातवीच्या मुलांसाठी मराठी गाणं लिही.' सूचना मुद्दाम मोघम ठेवायची, कारण बहुतेक माणसं अशीच देतात. आम्हाला मिळालं त्याचा सूर साधारण असा होता: आभाळ कोपलं, नदी रागावली, हात हातात घेऊन उभे राहू, पुन्हा नव्यानं गाव सजवू. भाषा स्वच्छ, यमकं जुळलेली. काही मुलांना ते आपल्यापेक्षा चांगलं वाटलं. त्यांना थांबवू नका. "चांगलं का वाटलं?" असं विचारा. 'चुका नाहीत' हे उत्तर मला मिळालं, आणि ते खरं आहे.

आता गाव बदला. गाण्यातल्या 'कोल्हापूर'च्या जागी महाड घाला, सांगली घाला, चिपळूण घाला आणि परत म्हणून पाहा. एआयचं गाणं कुठंच अडत नाही. मग आमची ओळ घ्या. 'किती फूट झालं पाणी?' हा प्रश्न बंधाऱ्यावरच्या आकड्याशी जगणाऱ्या गावातच उभा राहतो. फळ्यावरची जुनी तारीख शाळेत झोपलेल्या मुलालाच दिसते. ही तपासणी उलट्या बाजूनंही करायची. आमच्याच गाण्यात 'सारे मिळून लढू आम्ही' अशी एक ओळ होती. ती कुठल्याही गावाला लागली. मुलांनीच तिच्यावर काट मारली. मला या तासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते: मशीनचं लिखाण पाहून मुलांना स्वतःच्या लिखाणातलं उसनं ओळखता आलं.

असं का होतं, हे मुलं विचारणारच. सोप्या शब्दांत सांगा. हे यंत्र अफाट मजकूर वाचून शिकलेलं असतं आणि आधीच्या शब्दांपुढं कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज घेत लिहीत जातं. पूर म्हटलं की लाखो लेखांत पुढं 'थैमान' येतं, म्हणून तेही थैमानाकडं जातं. शेळी माळ्यावर चढली हे कुठंच छापलेलं नाही. आणखी एक: ते मजकूर अक्षराअक्षरानं वाचत नाही, त्याचे तुकडे करून वाचतं, आणि देवनागरीचे तुकडे अनेकदा मराठी अक्षरांशी जुळत नाहीत. त्यामुळं मात्रांची मोजणी त्याला नीट साधत नाही. सोळा मात्रांच्या चार ओळी मागा आणि मुलांना मोजायला लावा. आमच्या पोरांनी एक ओळ अठराची पकडली, एक तेराची. त्या दिवशी वर्गाची छाती फुगली होती. ही मॉडेलं सुधारत जातील, तेव्हा तुमच्या वर्गात कदाचित सोळाच येतील. मोजणी तरीही करून घ्या.

मशीनला हाकलून द्या असं मी म्हणत नाही. त्याच्याकडून घ्यायच्या गोष्टी आहेत. 'पाणी'ला जुळणारे वीस शब्द मागा, आणि त्यातले किती खरोखर जुळतात ते मुलांना ठरवू द्या. दुसरं, त्याला ओळी मागण्याऐवजी प्रश्न मागा: 'पुरात राहिलेल्या मुलाला गाण्यासाठी कोणते दहा प्रश्न विचारशील?' यातले दोन-तीन प्रश्न माझ्या प्रश्नांपेक्षा चांगले निघाले. 'रात्री कोणता आवाज नेहमीसारखा आला नाही?' हा त्यातला. त्याच्या उत्तरातून आम्हाला 'केएमटीचा हॉर्न नाही' ही ओळ मिळाली. केएमटी म्हणजे आमची शहर बस. प्रश्न यंत्राचा, उत्तर गल्लीतलं. वर्गात न बोलणारी, लिहिताना अडणारी मुलं असतात, त्यांच्यासाठीही प्रश्नांची अशी यादी कामाची आहे. शिक्षक अडतीस जणांजवळ एका वेळी बसू शकत नाही.

एक नियम फळ्यावर लिहून ठेवा: एआयकडून शब्द घेऊ, प्रश्न घेऊ, ओळ घेणार नाही. कुठं घेतलीच, तर वहीत तिच्यापुढं 'एआय' लिहायचं.

पाचवा तास: चाल

सुनो किंवा उडिओसारखी एआय साधनं ओळी दिल्या की वाद्यांसह गाऊन देतात. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी जून २०२४ मध्ये अमेरिकेत या दोघांवर खटले भरले, परवानगी न घेता गाणी यंत्राला शिकवायला वापरली म्हणून. वर्गाला हे सांगा. गाणं कुणाचं, हा प्रश्न सातवीतल्या मुलांना नीट कळतो.

आम्ही आमचं ध्रुवपद अशा एका साधनाला एकदाच गायला दिलं. आवाज गोड, वाद्यमेळ भरघोस. पण 'झालं'मधला झ त्यानं हिंदीतल्या 'झील'सारखा म्हटला. आपल्या 'झालं', 'झाड'मधला झ दातांशी लागतो, आणि अक्षर एकच असल्यानं कागदावर हा फरक दिसत नाही. च आणि ज यांचंही तसंच: 'चार' आणि 'चाक', 'जग' आणि 'जागा' म्हणून पाहा. मुलांनी आपणहून 'झालं' दहा वेळा म्हणून पाहिलं. उच्चारावर एवढं लक्ष माझ्या दहा व्याख्यानांनी दिलं नसतं.

चाल मुलांनीच करावी. दोन-तीन स्वरांत फिरणारी चाल पुरते. घरी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, गल्लीत कुणी सोंगी भजनाला जात असेल, त्यांच्याकडून एक वळण आणायला सांगा. या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, आणि त्यांनीही गाणं समोर बसवून, कानाला ऐकवूनच शिकवलं. घरून आणलेली चाल तशीच कानानं पुढं जाते. सिनेमातली चाल घेतली तर वर्गात किंवा पालकांसमोर गायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शाळांना सूट आहे. व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकणं त्या सुटीत बसत नाही.

गुण कसे द्यायचे

तयार गाण्याला गुण देऊ नका. वहीला द्या. पहिल्या तासाचा तपशील, खोडलेल्या ओळी, पोळीची चपाती कधी झाली, 'सारे मिळून लढू' का गेलं, याला गुण. मी वीसपैकी बारा खाडाखोडीला ठेवतो. मुलगा घरून एआयकडून गाणं लिहून आणेल ही भीतीही यानं बरीच कमी होते, कारण खाडाखोड नसलेली सुबक वही या हिशेबात मागं पडते. तरीही कुणी आणलं तर चारचौघांत बोलू नका. त्याला जवळ बसवा आणि पहिल्या तासाचे प्रश्न परत विचारा. माझ्याकडं असा एकजण होता. त्याला वाटत होतं, आपल्या घरी पाणी आलंच नव्हतं, मग आपण काय लिहायचं. खोदून विचारल्यावर कळलं, त्यांच्या दोन खोल्यांत तीन कुटुंबं राहायला आली होती आणि तो बारा दिवस जिन्यात झोपला होता. पुढचं कडवं त्याचं झालं.

सादरीकरण

पालकसभेला गायचं. हलगी एक, बाकी टाळ्या. 'किती फूट झालं पाणी?' मुलं विचारतात आणि पालकांनी आकडा सांगायचा, एवढंच त्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडं पहिल्या वेळी दोघा-तिघांनीच उत्तर दिलं, तिसऱ्या वेळी सगळा हॉल. आजीचं कडवं आलं तेव्हा ती स्वतः दुसऱ्या रांगेत होती.

कार्यक्रमानंतर वही कपाटात टाकू नका. प्रत्येक ओळीखाली नाव आहे ना ते पाहा, जिथं चार जणांनी मिळून लिहिली तिथं चौघांची नावं घाला, आणि शेवटच्या कडव्यानंतर पानं कोरी सोडा. आमच्या वहीत चार सोडली आहेत. जूनमध्ये नवी सातवी आली की पहिल्या तासाला तीच वही उघडायची.